सी ड्राइव्हच्या आजूबाजूची अनोळखी पार्टिशनं: कोणतं कशासाठी, आणि हात कुठे लावायचा

नव्या लॅपटॉपवर ‘धिस पीसी’ उघडलं की एकटा सी ड्राइव्ह दिसतो, फार तर जोडीला डी. त्याच लॅपटॉपचं ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, एकाच डिस्कचे चार-पाच तुकडे दिसतील: एक २६० एमबीचा, एक जीबीभराचा, एक वीस जीबीचा. काहींच्या पुढे चक्क ‘१०० टक्के फ्री’ असं लिहिलेलं. सी भरत आला असेल तर साहजिकच वाटतं की ही जागा उगाच अडवून ठेवली आहे, उडवून टाकू. बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात. पार्टिशनचं (म्हणजे अशा तुकड्याचं) नाव, त्याचा आकार आणि ‘फ्री’चा आकडा या तिन्हींवर भरवसा ठेवता येत नाही. ते काय काम करतं हे विंडोजलाच विचारावं लागतं, आणि विचारायची साधनं विंडोजमध्येच आहेत.

खालची माहिती विंडोज १० आणि ११ धरून दिली आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.

आधी नुसतं बघा

१. स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करा आणि यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडा. नुसतं बघितल्याने काहीही बिघडत नाही.

२. उघडताच ‘इनिशियलाइज डिस्क’ अशी चौकट आली तर ‘कॅन्सल’ दाबा. जोडलेल्या एखाद्या डिस्कचा पार्टिशनचा तक्ता, म्हणजे कोणतं पार्टिशन कुठे याची नोंद, विंडोजला वाचता आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिस्क कोरी असेल तर पुढे जायला हरकत नाही, पण जुनी, डेटा असलेली डिस्क असेल तर ‘ओके’ दाबताच तिच्यावर नवा कोरा तक्ता लिहिला जातो आणि डेटा परत मिळवणं आणखी अवघड होतं.

३. वर यादी दिसते, खाली आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एक खरी डिस्क: ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ वगैरे. पट्टीतले चौकोन म्हणजे पार्टिशनं, डिस्कवर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने. चौकोनांची रुंदी प्रमाणात नसते, म्हणून लांबीवरून अंदाज बांधू नका.

४. मोबाइलने या पडद्याचा फोटो काढून ठेवा. पुढे काही बिनसलंच, तर आधी काय होतं हे सांगणारा तो एकमेव पुरावा असतो.

एकूण आकडा खोक्यावर छापल्यापेक्षा कमी दिसेल. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी, ५१२ची ४७६ आणि २५६ची २३८ दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ही जागा कुठल्याही पार्टिशनने खाल्लेली नाही.

पडदा फसवतो तो इथे

ईएफआय (मशीन सुरू करणारं) आणि रिकव्हरी (दुरुस्तीचं) या पार्टिशनांपुढे ‘१०० टक्के फ्री’ दिसतं, कारण डिस्क मॅनेजमेंट त्यांच्या आत डोकावतच नाही. आत फाइली असतात, हिशेब तेवढा दाखवला जात नाही. यादीतला सर्वात दिशाभूल करणारा आकडा हाच.

दुसरा घोळ ‘सिस्टिम’ आणि ‘बूट’ या शब्दांचा. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत मशीन सुरू करणाऱ्या फाइली जिथे असतात ते ‘सिस्टिम’ पार्टिशन, आणि विंडोज जिथे बसवलेलं असतं, म्हणजे बहुधा सी, ते ‘बूट’ पार्टिशन. ऐकताना उलटं वाटतं, पण लक्षात ठेवावं लागतं. पुढे यावरच बरंच अवलंबून आहे.

आणि ड्राइव्हचं अक्षर ही नुसती पाटी आहे. डी आणि ई दोन वेगळ्या डिस्कवर असू शकतात किंवा एकाच डिस्कचे दोन तुकडे असू शकतात. ‘डीवर बॅकअप घेतलाय’ म्हणणाऱ्या पुष्कळांचा डी सीच्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात.

५१२ जीबीच्या लॅपटॉपची पट्टी, डावीकडून उजवीकडे

पहिला चौकोन बहुधा १०० किंवा २६० एमबीचा, ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ असं लिहिलेला. विंडोजने स्वतः बनवलं असेल तर १०० एमबी, कंपनीने बनवलं असेल तर बरेचदा २६०. आत फॅट३२ फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) असते आणि विंडोजचा बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. मशीनची फर्मवेअर, म्हणजे ज्याला सगळे अजूनही ‘बायोस’ म्हणतात ती, चालू झाल्यावर पहिल्यांदा इथे येते. हे उडालं की सीवरची एकही फाइल हललेली नसली तरी विंडोज सुरू होत नाही.

यानंतरचं पार्टिशन दिसतच नाही. १६ एमबीचं ‘मायक्रोसॉफ्ट रिझर्व्हड’ डिस्क मॅनेजमेंट लपवतं. वरच्या यादीत बिनानावाची पार्टिशनं ‘डिस्क ० पार्टिशन १’, ‘पार्टिशन ४’ अशी दिसतात आणि मधलाच एक आकडा गाळल्यासारखा वाटतो, त्याचं कारण बहुधा हेच. त्यात फाइल सिस्टिम नसते. १६ एमबीसाठी त्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

मग सी, साधारण ४५५ जीबी. त्यावर ‘बूट, पेज फाइल, क्रॅश डम्प’ असे शब्द असतात.

सीच्या उजवीकडे ५०० एमबी ते १ जीबीचं ‘रिकव्हरी पार्टिशन’. विंडोज सुरू होईना झालं की निळा पडदा येतो, ‘ट्रबलशूट’, ‘रिसेट धिस पीसी’, ‘स्टार्टअप रिपेअर’ असे पर्याय असलेला. तो इथून येतो.

शेवटी, कंपनीच्या मशीनवर, १० ते २५ जीबीचं आणखी एक. त्यात मशीन कारखान्यातून निघालं त्या अवस्थेतलं विंडोज, ड्रायव्हर आणि कंपनीची सॉफ्टवेअरं असतात.

याची खातरी करायची सोपी वाट अशी: स्टार्टवर राइट-क्लिक करून टर्मिनल किंवा पॉवरशेल ‘अॅडमिन’ म्हणून उघडा आणि ‘गेट-पार्टिशन’ टाइप करा. मध्ये आडवी रेघ (हायफन), जागा (स्पेस) नाही. शेवटच्या ‘टाइप’ रकान्यात ‘सिस्टिम’, ‘रिझर्व्हड’, ‘बेसिक’, ‘रिकव्हरी’ किंवा ‘अननोन’ असं लिहून येतं. इथे ते लपलेलं १६ एमबीचंही दिसतं. ‘बेसिक’ म्हणजे साधं डेटाचं पार्टिशन. ‘अननोन’ दिसलं तर थांबा. ते लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी किंवा जोडीला बसवलेल्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं असू शकतं.

जुन्या मशीनवर चित्र वेगळं

पट्टीच्या डाव्या टोकाला जिथे ‘डिस्क ०’ लिहिलं आहे तिथे राइट-क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘व्हॉल्यूम्स’ टॅब. ‘पार्टिशन स्टाइल’पुढे जीपीटी किंवा एमबीआर दिसेल. पार्टिशनचा तक्ता लिहिण्याच्या या दोन पद्धती, पहिली नवी, दुसरी जुनी. वरचं सगळं वर्णन जीपीटीचं. विंडोज ७ च्या काळातल्या मशीनवर बहुधा एमबीआर असतं. तिथे ईएफआयच्या जागी ‘सिस्टिम रिझर्व्हड’ नावाचं पार्टिशन असतं: विंडोज ७ मध्ये १०० एमबी, विंडोज ८ मध्ये ३५०, विंडोज १० च्या बऱ्याच आवृत्त्यांत ५००. काम तेच, बूट करण्याचं.

एमबीआरमध्ये चारच प्रायमरी पार्टिशनं बसतात. जास्त हवी असतील तर एक ‘एक्सटेंडेड’ करून त्यात ‘लॉजिकल’ पाडावी लागतात. दुकानात फॉरमॅट मारून आणलेल्या कॉम्प्युटरवर सी, डी, ई, एफ अशी वाटणी असते, तिथे पट्टीवर हिरव्या कडेच्या आत फिकट निळे चौकोन दिसतात ते हेच. हिरवी कड उडवायला गेलात तर आतले सगळे ड्राइव्ह आधी जावे लागतात.

एचपीच्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर ‘सिस्टिम’, सी, ‘रिकव्हरी’ आणि ‘एचपी टूल्स’ मिळून चारही जागा कारखान्यातच भरलेल्या असत. अशा मशीनवर सी लहान करून नवा ड्राइव्ह बनवायला गेलं की विंडोज विचारतं, डिस्क ‘डायनॅमिक’ करू का? ‘नो’ म्हणा. घरच्या कॉम्प्युटरवर डायनॅमिक डिस्कचा फायदा नाही, पुन्हा विंडोज बसवताना ती आडवी येते आणि विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी मागे फिरायचं तर सगळी पार्टिशनं पुसावी लागतात.

एमबीआरची दुसरी मर्यादा २ टीबीची. ४ टीबीची डिस्क एमबीआर केली तर २०४८ जीबी वापरता येते आणि उरलेले सुमारे १६७८ जीबी काळ्या पट्टीत, म्हणजे कुठल्याही पार्टिशनला न दिलेल्या जागेत, अडकून पडतात. डिस्क खराब नसते, पद्धत चुकलेली असते.

कंपनीचा ‘रिकव्हरी’ ड्राइव्ह

काही मशीनवर हे पार्टिशन डी अक्षर घेऊन बसतं आणि लाल पट्टीसह ‘जागा संपत आली’ अशी सूचना देत राहतं. ते भरलेलंच असायला हवं. त्यात फोटो टाकू नका आणि आतल्या फाइली ‘साफ’ही करू नका. सूचनेचा त्रास होत असेल तर अक्षर काढून टाका: चौकोनावर राइट-क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘रिमूव्ह’. पार्टिशन जागेवरच राहतं, फक्त ‘धिस पीसी’मधून नाहीसं होतं. हेच सी किंवा प्रोग्रॅम बसवलेल्या ड्राइव्हवर मात्र करायचं नाही.

लेनोव्होच्या जुन्या मशीनवर ‘विनआरई ड्राइव्ह’ आणि ‘पीबीआर’ अशी नावं दिसतात, डेलवर ‘डेल सपोर्ट’ आणि ‘इमेज’, असूसवर ‘रिस्टोर’ आणि ‘माय असूस’, जुन्या एसरवर ‘पीक्यू सर्व्हिस’. सगळी याच कुळातली.

मग २० जीबी मोकळे करावेत का? मशीन विंडोज ८ सह आलेलं आणि आता १० वर असेल तर त्यातलं विंडोज ८ तुम्ही पुन्हा बसवणार नाही, त्यामुळे त्याची किंमत उरलेली नाही. विंडोजचं लायसन्स या पार्टिशनमध्ये नसतं; विंडोज ८ पासून कंपनीच्या मशीनची की फर्मवेअरमध्येच असते. जातात ते ड्रायव्हर आणि कंपनीची सॉफ्टवेअरं, आणि ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर मिळतात. तरीही आधी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ बनवून घ्या. स्टार्टमध्ये याच नावाने शोधलं की साधन सापडतं. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामा घ्या. मशीन अजून वॉरंटीत आणि मूळच्याच विंडोजवर असेल तर मात्र ते पार्टिशन राहू द्यावं.

रिकव्हरी पार्टिशनं दोन-तीन कशी झाली?

विंडोजच्या मोठ्या अपडेटला जुनं रिकव्हरी पार्टिशन अपुरं पडलं की ते सीमधून थोडी जागा कापून नवं बनवतं आणि जुनं तसंच सोडून देतं. त्यातलं चालू कोणतं हे नावावरून कळत नाही. अॅडमिन टर्मिनलमध्ये ‘रिएजंटसी’ (स्पेलिंगमध्ये ‘एजंट’च्या आधी आर-ई, शेवटी सी), एक जागा (स्पेस), तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि ‘इन्फो’ टाइप करा. उत्तरात ‘हार्डडिस्क०’, ‘पार्टिशन४’ असा पत्ता येतो. ते चालू, बाकीची बेवारस.

बेवारस असलं तरी ४५० एमबीसाठी त्याच्या मागे लागू नये. ते सीच्या डावीकडे असेल तर मोकळी झालेली जागा सीला जोडताही येत नाही, कारण विंडोज ड्राइव्ह फक्त उजवीकडे वाढवतं.

चालू पार्टिशन अपुरं असल्याने येणारी अडचण मात्र खरी आहे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेलं केबी५०३४४४१ हे अपडेट असंख्य मशीनवर ०एक्स८००७०६४३ असा एरर देऊन अडलं, ते याच कारणाने: रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागत होती आणि ती नव्हती. एररमध्ये जागेचा उल्लेखच नव्हता, म्हणून लोक विंडोज पुन्हा बसवत राहिले.

‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ फिकट का?

२५६ जीबीची एसएसडी १ टीबीवर क्लोन केली, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल उतरवली, की सुमारे ७०० जीबी काळ्या पट्टीत उरतात आणि सीवर राइट-क्लिक केलं तर ‘एक्सटेंड’ दाबलं जात नाही. मोकळी जागा सीला उजवीकडून चिकटलेली हवी असते. इथे मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. ते सरकवावं लागतं.

आधी डेटाचा बॅकअप, मग बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) बंद, मग ‘रिएजंटसी’सोबत तिरकी रेघ आणि ‘डिसेबल’. त्यानंतर जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या साधनाच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून रिकव्हरी पार्टिशन पट्टीच्या उजव्या टोकाला सरकवा. विंडोजमध्ये परत या, सी वाढवा आणि शेवटी तीच आज्ञा ‘इनेबल’ लावून द्या. ‘डिसेबल’ विसरून पार्टिशन हलवलं तर विंडोज जुन्या पत्त्यावर शोधत राहतं आणि रिकव्हरीचा निळा पडदा येत नाही. चार्जर लावलेला असू द्या. सरकवताना वीज गेली तर ते पार्टिशन गेलं समजा.

बिटलॉकरचं विसरू नका. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने सुरू केलेल्या विंडोज ११ वर एन्क्रिप्शन बरेचदा आपोआप चालू होतं, होम आवृत्तीवरसुद्धा. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बघा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. पार्टिशनमध्ये बदल झाल्यावर मशीन ती मागू शकतं, आणि की नसेल तर डेटा कुणालाच काढता येत नाही.

एसएसडी नवी, हार्ड डिस्क जुनी

आपल्याकडे घरोघरी डेस्कटॉपला नवी एसएसडी बसवून जुनी हार्ड डिस्क ‘डेटासाठी’ आतच ठेवतात. विंडोज एसएसडीवर बसवताना जुनी डिस्क जोडलेलीच राहिली, तर इन्स्टॉलर बरेचदा तिच्यावरचं जुनं ‘सिस्टिम’ पार्टिशनच वापरतो. विंडोज एसएसडीवर, बूटच्या फाइली जुन्या डिस्कवर. वर्षभराने कुणीतरी जुनी डिस्क फॉरमॅट मारतं किंवा ती स्वतःच मरते, आणि धडधाकट एसएसडी असूनही पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं.

तपासायचं असं. अॅडमिन टर्मिनलमध्ये ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’. शेवटच्या ‘इन्फो’ रकान्यात सीपुढे ‘बूट’ दिसेल आणि एका लहान व्हॉल्यूमपुढे ‘सिस्टिम’. (एमबीआरवर कधीकधी दोन्ही कामं सीच करतो, मग ‘सिस्टिम’ सीपुढेच दिसतं.) त्या लहान व्हॉल्यूमचा क्रमांक ३ असेल तर ‘सिलेक्ट व्हॉल्यूम ३’ आणि ‘डिटेल व्हॉल्यूम’. तो कुठल्या डिस्कवर आहे ते वर येतं. सीसाठीही हेच करा. दोघांची डिस्क एक असेल तर प्रश्न मिटला. डिस्क मॅनेजमेंटवरून हे कळत नाही, कारण तिथे दोन्ही डिस्कवरची ईएफआय पार्टिशनं सारखीच दिसतात.

डिस्क वेगळ्या निघाल्या आणि एसएसडी जीपीटी असेल तर डिस्कपार्टमध्येच पुढचं करा:

१. ‘सिलेक्ट व्हॉल्यूम सी’, मग ‘श्रिंक डिझायर्ड=३००’. सीमधून ३०० एमबी सुटतात.

२. ‘सिलेक्ट डिस्क’ आणि एसएसडीचा क्रमांक. त्याआधी ‘लिस्ट डिस्क’ने आकार बघून क्रमांक पक्का करा.

३. ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय साइज=२६०’, मग ‘फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२’, मग ‘असाइन लेटर=एस’, मग ‘एक्झिट’.

४. बाहेर आल्यावर ‘बीसीडीबूट’, जागा, सीवरच्या विंडोज फोल्डरचा पत्ता, जागा, तिरकी रेघ आणि एस हे अक्षर, जागा, नव्या ड्राइव्हचं अक्षर एस आणि कोलन, जागा, तिरकी रेघ आणि एफ, जागा, ‘यूईएफआय’. बूट फाइली तयार झाल्याचा संदेश आला पाहिजे.

५. मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, जुन्या डिस्कची साटा केबल काढा आणि सुरू करा. विंडोज आलं तर काम झालं. नाही आलं तर केबल परत लावा. काहीही पुसलेलं नाही.

जुनी डिस्क फॉरमॅट करायची ती या चाचणीनंतरच. डिस्कपार्टमधली ‘क्लीन’ ही आज्ञा निवडलेल्या अख्ख्या डिस्कचा तक्ता पुसते, आणि ‘खरंच का’ असं एकदाही विचारत नाही. पुढच्या वेळी विंडोज बसवण्यापूर्वी बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबली काढून ठेवल्या तर यातलं काहीच करावं लागत नाही.

लिनक्स असलेली डिस्क

उबुंटू बसवलेलं पार्टिशन डिस्क मॅनेजमेंटमध्ये फाइल सिस्टिमशिवाय, नुसतं ‘हेल्दी, प्रायमरी पार्टिशन’ असं दिसतं. त्याला अक्षर मिळालं तर विंडोज ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावं लागेल’ असं सांगतं. डिस्क खराब आहे असा त्याचा अर्थ नाही, विंडोजला ती भाषा येत नाही इतकंच. ‘कॅन्सल’.

लिनक्स नको म्हणून ते पार्टिशन उडवलं तरी त्याचा बूटलोडर, ग्रब, ईएफआयमध्ये राहतो आणि पुढच्या वेळी मशीन काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ लिहून थांबतं. घाबरू नका. बूट मेनू उघडा (डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप), ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा आणि नंतर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये त्यालाच पहिला क्रमांक द्या.

चुकून भलतंच उडालं तर

त्या डिस्कवर काहीही लिहू नका. नवं पार्टिशन नाही, फॉरमॅट तर नाहीच. पार्टिशन उडवणं म्हणजे तक्त्यातली नोंद पुसणं. डेटा बराच वेळ जागेवर असतो. एसएसडीवर मात्र क्विक फॉरमॅटसुद्धा ट्रिमची (ही जागा आता रिकामी समज, अशी) आज्ञा पाठवतो आणि त्यानंतर हाती काही लागण्याची आशा फारशी उरत नाही.

डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि टेस्टडिस्क हे मोफत साधन चालवा: डिस्क निवडा, तक्त्याचा प्रकार त्याने सुचवलेला घ्या, ‘अॅनालाइज’, मग ‘क्विक सर्च’. हरवलेलं पार्टिशन यादीत आलं की ‘पी’ दाबून आतल्या फाइलींची नावं बघा. ओळखीची फोल्डरं दिसली तर आधी तिथूनच फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, आणि त्यानंतरच ‘राइट’ दाबून नोंद परत लिहा. डिस्क टकटक आवाज करत असेल तर हे काहीच करू नका. तो यांत्रिक बिघाड असतो, आणि चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला तो वाढतो.